झेक खेडी आणि बेचिराग झालेली मध्ययुगीन गावं : बाबांना घेऊन आठ दिवस, मार्ग सुचवाल का?

मुळाकाठ, औंध

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त प्रागला आहे, त्याच्याकडे बाबांना घेऊन जायचं ठरतंय. बाबा 69 वर्षांचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, सगळी नोकरी जुन्नर, शिरूर, इंदापूर अशी फिरतीची. जुन्या गाववार याद्यांत ज्या गावात वस्ती उरली नाही त्यापुढे 'बेचिराग' असा शेरा असे, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. अशा गावांची त्यांनी स्वतःची एक वही केली आहे. शिवारात फिरताना माती पांढुरकी दिसली, खापराचे तुकडे पायाखाली आले की थांबायचं आणि टिपून ठेवायचं.

भावाने त्यांना सहज सांगितलं की झेकमध्येही मध्ययुगात उठून गेलेली गावं आहेत, खणून त्यांचे पाये उघडे केलेत आणि लोक ते बघायला जातात. तेव्हापासून दुसरा विषय नाही. मी पुण्यातल्या एका प्रवास कंपनीत चौकशी केली तर उत्तर मिळालं, "तिथे बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा स्वित्झर्लंड जोडून देतो." बाबा काही बोलले नाहीत, वही पिशवीत ठेवली आणि उठले. मला फार वाईट वाटलं.

प्राग, राजवाडे वगैरे भाऊ दाखवेलच. मला खेड्यांचा मार्ग हवा आहे. गाडी भाऊ चालवेल. बाबा रोज तळजाई टेकडी चढतात, पायी चालायची अडचण नाही. एप्रिल की जून? आणि काय आधी, काय नंतर?

ओसरी, सध्या कर्वेनगर

ताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. मी तीन वर्षं ब्रनोला होते आणि या गावांमागे बरीच हिंडले. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा मी जुलैत प्फाफेनश्लागला, म्हणजे खणून काढलेल्या अशाच एका उजाड गावाला, गेले. कमरेइतकं गवत, नेचे आणि अंगाला लागलं की आग होणारी झुडपं. गाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच कळेना. तासाभराने परत आले. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्याला गेले तेव्हा खालचं रान अजून उठलेलं नव्हतं, आणि अख्खं गाव समोर मांडल्यासारखं दिसलं. तेव्हा जून नको, एप्रिलच. तेही जमलं नाही तर पानगळ झाल्यावर.

दुसरं, क्रम. उजाड गाव आधी बघू नका. आधी होलाशोव्हित्से बघा, नांदतं गाव. प्रागहून चेस्के बुद्येयोव्हित्सेला उतरून मुक्काम करा, तिथून पश्चिमेला 15 किलोमीटर. मधोमध लांबट चौक, साधारण 210 मीटर बाय 70 मीटर, त्यात तळं, लोहाराचा भाता आणि 1755 सालचं छोटं प्रार्थनामंदिर. चौकाच्या कडेने घरं, प्रत्येकाची त्रिकोणी दर्शनी भिंत चौकाकडे तोंड करून, चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी आणि वर बांधल्याचं साल. घरं बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, पण गावाची आखणी मध्ययुगातली तशीच्या तशी. युनेस्कोने 1998 मध्ये यादीत घेतलं ते त्यामुळेच. बाबांना तिथे घाई करू देऊ नका. घर, त्यामागे अंगण, त्यामागे धान्याची खळी, त्यामागे पट्टीसारखं शेत, हे एकदा डोळ्यात बसू दे.

आणि हेही गाव एकदा बेचिराग होता होता राहिलंय. 1520 ते 1525 च्या प्लेगमध्ये दोनच माणसं वाचली. मालकी मठाची होती, मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून पुन्हा वसवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषक लोकांना घालवून दिलं, घरं रिकामी पडली, आणि 1990 नंतर ती पुन्हा नीट झाली.

मग पूर्वेला स्लावोनित्से. गावच सुंदर आहे, घरांच्या भिंतींवर गिलावा खरवडून काढलेली सोळाव्या शतकातली चित्रं. दोन रात्री इथेच रहा. इथून जंगलातून पायवाटेने प्फाफेनश्लाग. तिकडच्या पायवाटांच्या खुणा झाडांवर असतात, दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत. एकदा रंग धरला की चुकत नाही. फोनवर 'मापी' हा झेक नकाशा उतरवून घ्या, त्यात पायवाट न पायवाट आहे.

आता गाव. ओढ्याच्या दोन्ही काठांनी दोन रांगा, एकूण 16 घरं. ब्रनोच्या मोरावियन संग्रहालयाचे व्लादिमीर नेकुदा यांनी 1960 ते 1971 अशी अकरा-बारा वर्षं इथे उत्खनन केलं. भिंती गुडघ्याच्या आसपास, दगडांवर शेवाळ. एका पायाजवळ उभं राहा आणि भिंत कुठे तुटते ते बघा. ते दार. आत आलं की पडवीसारखी मधली जागा, एका हाताला भट्टीची राहती खोली, दुसऱ्या हाताला कोठार. तीन खणांचं घर. होलाशोव्हित्सेत आदल्या दिवशी जे पाहिलं त्याची ही आजी. मी त्या दारातून आत गेले आणि नकळत चप्पल काढायला वाकले होते.

नावातच गोष्ट आहे. जर्मनमध्ये 'प्फाफे' म्हणजे पाद्री आणि 'श्लाग' म्हणजे तोडलेलं रान. जंगल तोडून गाव बसलं, हुसाइट युद्धांच्या, म्हणजे तिथल्या पंधराव्या शतकातल्या धर्मयुद्धांच्या, धामधुमीत 1423 च्या सुमारास ओस पडलं, आणि जंगलाने जागा परत घेतली. जमीन हलकी, थंडी फार, जे पळाले ते परतले नाहीत.

तिथून तेल्च आणि त्र्झेबीच वाटेतच आहेत, दोन्ही युनेस्कोची, अर्धा-अर्धा दिवस पुरे. मग ह्रोतोव्हित्सेजवळचं म्स्त्येनित्से चुकवू नका. भूकरमापकाला हे जास्त आवडेल. 17 शेतकऱ्यांची घरं, जमीनदाराची छोटी गढी, त्याची शेतवाडी, ओढ्यावर गिरणी. म्हणजे सत्ता कुठे राहत होती आणि कष्ट कुठे, हे घरांच्या पायांवरूनच वाचता येतं. हंगेरीचा राजा मात्याश कोर्विन याच्या सैन्याने 1468 मध्ये जाळलं, नंतर कुणी वसवलं नाही. दुपारचा डबा बरोबर ठेवा, तिथे दुकान नाही.

तिथून ब्रनो, मग प्राग.

गोडाचा_शिरा

ओसरीताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी पोटाचं आणि पायांचं सांगतो. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज जवळपास सगळीकडे मिळतं, बटाट्याचं थालीपीठ म्हणावं असं 'ब्राम्बोराक' मिळतं. सूपमध्ये मांसाचं पाणी असतं, विचारून घ्या. खेड्यातल्या खानावळीचं स्वयंपाकघर दुपारी लवकर बंद होतं, त्यामुळे दशम्या आणि चटणी पिशवीत असू द्या.

पायांचं फार महत्त्वाचं. त्या जंगलात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर आणि लाइम असे दोन आजार होतात. पँट मोज्यात खोचायची, संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, केसांत नीट बघायचं. मेंदूज्वराची लस आहे, पण तिचे एकाहून जास्त डोस आठवड्यांच्या अंतराने असतात, म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा.

शेवटी प्रागजवळ एक दिवस उरला तर त्र्झेबीझ बघा, जुनी घरं जपून ठेवलेलं लहानसं गाव, जुना वाडा संग्रहालय म्हणून उघडा असतो. जवळच्या जंगलात स्वीद्ना हे उठलेलं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी उद्ध्वस्त केलेलं लिदित्से त्याच बाजूला आहे, पण वयस्कर माणसाला तिथे नेऊ नये असं माझं मत. मी स्वतः दोन दिवस जेवू शकलो नव्हतो.

घोडनदी

मुळाकाठ, बाबांनी शिरूरला काम केलंय म्हणता, मग इनामगाव त्यांच्या पायाखालचं असणार. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 तिथे उत्खनन केलं, 130 च्या वर घरं उघडकीला आली, पाच खोल्यांचं मुख्याचं घर त्यात आहे. माझे आजोबा त्या कामावर रोजंदारीला होते. ते सांगायचे, बाई जशी चूल सारवते तसं साहेब लोक जमीन झाडायचे. निघण्यापूर्वी बाबांसोबत एकदा घोड नदीकाठी जाऊन या. तिकडच्या लोकांना सांगायला आपलंही एक गाव होईल.

लिदित्सेबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. 10 जून 1942 ला नाझींनी 173 पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका छळछावणीत, बहुतेक मुलांना विषारी वायूने मारलं, घरं पाडली आणि नाव नकाशावरून पुसायला काढलं. युद्धानंतर शेजारीच त्याच नावाचं गाव पुन्हा बांधलं. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशे राखले, त्याला विचारल्याशिवाय आपणच नको म्हणायचं, हे मला पटत नाही. त्यांनाच विचारा.

मुळाकाठ, औंध

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर सगळं बाबांना वाचून दाखवलं. 'पाद्र्याचं तोडलेलं रान' ऐकून त्यांनी दोनदा वाचायला लावलं. लिदित्सेचं विचारलं तर म्हणाले, जाऊ, आणि फुलं आपण नेऊ.

एप्रिल नक्की केला. लसीसाठी उद्या डॉक्टरांकडे जातोय. इनामगावला येत्या रविवारी, पहाटे निघून.

ओसरीताई, एकच विचारायचं आहे. म्स्त्येनित्सेत पाये मोजू देतील का? बाबांनी कपाटातून जुनी 30 मीटरची टेप काढून पुसून ठेवली आहे.

ओसरी, सध्या कर्वेनगर

मोकळी जागा आहे, फाटक नाही, पहारा नाही. दगडांवर चढू नका आणि काही उचलू नका, एवढंच. टेपचं दुसरं टोक धरायला भावाला सांगा. मोजमापं इथे टाकाल का? होलाशोव्हित्सेच्या घराची रुंदी मी पावलांनी मोजून वहीत लिहिली होती, ती शोधून ठेवते.