‘नेहमीसारखा’ हा एक शब्द
‘माणूस घाबरलेला असताना १०८ वाले प्रश्नच विचारत बसतात’ ही रुग्णवाहिका सेवेबद्दलची तक्रार समजण्यासारखी आहे. मात्र ठिकाण कळल्याशिवाय रुग्णवाहिका पोहोचणार कुठे, आणि भेदरलेल्या माणसाला नेमका स्वतःच्याच घराचा पत्ता सांगता येत नाही. याहून अवघड भाग या तक्रारीत येत नाही. हृदय बंद पडल्यावरही काही रुग्ण सुरुवातीची काही मिनिटे आचके दिल्यासारखा श्वास घेतात, त्यामुळे ‘श्वास चालू आहे का?’ या प्रश्नाला नातेवाईक प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात आणि छाती दाबायला सांगण्याची मोलाची वेळ निघून जाते. म्हणूनच प्रशिक्षित कर्मचारी श्वास ‘नेहमीसारखा’ चालू आहे का, असे विचारतात, आणि पलीकडून आरडाओरडा होत असला तरी तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा पुन्हा उच्चारतात. ऐकणाऱ्याला (एकदा मलाही) तो कोरडेपणा वाटतो.