दरडोई दारूचे आकडे वाचायचे कसे?

प्रश्न (गोदाकाठ, नाशिक)
जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दरवर्षी दरडोई किती लिटर शुद्ध अल्कोहोल प्यायले जाते हे देशवार दिलेले असते. चेक प्रजासत्ताकाचा आकडा दहाच्या बराच पुढे आहे, तर भारताचा पाचच्या आसपास. मग आपल्याकडे दारूचा प्रश्न निम्माच आहे असे समजायचे का? आमच्या गल्लीतली तीन घरे दारूपायी धुळीला मिळालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे हे मनाला पटत नाही.

प्रतिसाद (गणितमास्तर)
आपली शंका रास्त आहे. हा भागाकार 15 वर्षांवरील सर्वांवर होतो. त्यात थेंबही न घेणारे आले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे 19 टक्के पुरुष आणि जेमतेम 1.3 टक्के स्त्रिया दारू घेतात, म्हणजे सगळ्यांच्या नावावर मांडलेले पाच लिटर प्रत्यक्षात थोड्यांच्याच पोटात जातात. चेक लोकांत मात्र पिणारेच बहुसंख्य आहेत.

पिण्याची रीतही पाहावी. तिकडच्या अर्धा लिटर बिअरच्या मगात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असते आणि तो गप्पा मारत, जेवणाबरोबर सावकाश संपतो. आपल्याकडची 180 मिलीची क्वार्टर 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल असते. एका बैठकीत 60 ग्रॅम घेतले की संघटना त्याला अतिसेवन मानते, आणि क्वार्टर एकट्याने रिचवणारा रोजच ती रेघ ओलांडतो. म्हणून त्याच अहवालातला ‘केवळ पिणाऱ्यांमागे’ हा आकडा आधी वाचावा.

प्रतिसाद (उत्तरवारा, स्टॉकहोम)
स्वीडनमध्ये 3.5 टक्क्यांहून कडक पेय घरी न्यायचे तर ते जवळपास फक्त सरकारी दुकानात मिळते. हे दुकान शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिथे रांग लागते खरी, पण बंदी न घालताही दारू हाताशी येऊ न देणे शक्य आहे, हे मी इथे पाहतो आहे.

प्रतिसाद (गणितमास्तर)
रशियाचेही उदाहरण घ्यावे. वोडकाची किमान किंमत, रात्रीच्या विक्रीवर निर्बंध आणि 2011 च्या कायद्याने बिअरची मद्यात गणना, अशा उपायांच्या काळात, 2003 ते 2016 दरम्यान तिथले दरडोई सेवन 43 टक्क्यांनी घटले.

गोदाकाठ
आभार. क्वार्टरचा हिशेब आमच्या वस्तीच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवीन.