समोरचे दात मिटत नाहीत म्हणून ‘स’ बोबडा येतोय का?

शेवयांचा_उपमा:
मुलगा आठ वर्षांचा आहे. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या मधून बाहेर डोकावते, साखर, समोसा सगळं ‘थ’कडे झुकतं. आधी वाटलं दुधाचे दात पडलेत म्हणून असेल, पण पुढचे नवे दात येऊन वर्ष झालं तरी तसंच. मग परवा खाताना नीट बघितलं तर दाढा घट्ट मिटल्यात आणि पुढे वरच्या-खालच्या दातांत फट, माझी करंगळी जाईल एवढी, शेवई तुटतच नाही, मान वाकडी करून बाजूच्या दातांनी तोडतो. पाच वर्षांपर्यंत अंगठा चोखायचा, अजूनही झोपेत जातो तोंडात. सासूबाई म्हणतात मोठा झाला की सुटेल, बाबाही पहिलीत बोबडाच होता म्हणे. पण वर्गात मुलं नक्कल करतात म्हणून हा आता वाचायला उभाच राहत नाही. आधी दातांचे डॉक्टर की स्पीच थेरपी?

तारवाला_डॉक:
ताई, याला ओपन बाईट म्हणतात. न बघता नक्की सांगत नाही, पण अंगठा आणि शेवई दोन्ही तिकडेच बोट दाखवतायत. ‘स’साठी जिभेवरून हवेची बारीक धार निघून दातांच्या कडेवर आपटावी लागते, तिथेच फट असेल तर धार पसरते आणि जीभ आपली फट बुजवायला पुढे येते. त्याला ‘काळा कावळा’ म्हणायला लावा, ‘ळ’ स्वच्छ येईल बहुतेक, कारण ट, ड, ण, ळ ला जीभ मागे वळून टाळूला लागते, पुढच्या दातांशी त्यांचं देणंघेणं नाही. ‘चमचा’तला च आणि ‘झाड’मधला झ मात्र ‘स’च्या शेजारचेच, ते घसरू शकतात.
या वयात अंगठा सुटला तर फट काही वेळा आपोआप कमी होते, नाहीतर टाळूला तारेची जाळी बसवतो. तोंडाने श्वास घेतो का तेही बघा, घेत असेल तर अ‍ॅडेनॉइडसाठी (नाकाच्या मागची गाठ, वाढली की नाक अडतं) कान-नाक-घसावाल्यांनाही दाखवा.

उलटा_जबडा:
माझं बरोब्बर उलटं होतं, खालचा जबडा पुढे. ‘फोन’ म्हणताना तुमचा खालचा ओठ वरच्या दातांना लागतो ना, माझा वरचा ओठ खालच्या दातांना लागायचा. ऐकून कुणाला कळायचं नाही, पण समोरचा तोंडाकडेच बघत राहायचा!! जबड्याची वाढ थांबेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणून एकविसाव्या वर्षापर्यंत थांबले, त्याआधी दीड वर्ष तारा. आणि गंमत म्हणजे ऑपरेशननंतर दोन महिने माझा चांगला असलेला ‘स’च गेला, जिभेला घर बदलल्यासारखं झालं असावं. मग आला परत. चावणं कितीतरी सुधारलं, बोलणं मला वाटलं होतं तेवढं नाही बदललं.

वाचा_उपचार:
मी स्पीच थेरपिस्ट. वरच्या ताईंनी म्हटलंय तेच महत्त्वाचं, दात जागेवर आले तरी जीभ जुन्याच सवयीने पुढे येऊ शकते. म्हणून डॉक, जाळी निघेपर्यंत थांबा असं सांगू नका हं, दोन्ही बरोबर चालू शकतं. घरी आरशासमोर बसवा, दाढा मिटून त-त-त-त भरभर म्हणू दे आणि शेवटचा त लांबवायचा, त्स्स्स… जीभ आत राहिली तर अर्धं काम झालं. पाणी गिळताना जीभ दातांवर ढकलतो का तेही बघा. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचेची तपासणी होते. आणि घरात चारचौघांत ‘नीट बोल’ म्हणून टोकणं आधी बंद करा.

फटफजिती:
माझ्या दातांतून रिक्षा जाईल, तरी वीस वर्षं लग्नांत निवेदन करतोय. वाकड्या दातांचं प्रत्येक पोर बोबडं नसतं हो.

तारवाला_डॉक:
खरंय. कितीतरी जणांची जीभ आपली आपण वाट काढते. आणि वाचा_उपचार, मान्य, थांबायला नको.

शेवयांचा_उपमा:
काळा कावळा एकदम खणखणीत! चमचा घसरला. त्स्स्स तीनदा जमलं, चौथ्यांदा हसू आलं त्याला. शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. तोपर्यंत अंगठ्याला कडुनिंबाचा रस लावू का?

तारवाला_डॉक:
नको, चिडेल पोरगं. त्यालाच विचारून झोपताना हातात मोजा घाला.