शुल्कवाढ आणि आरंभीची बोली

ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाने विक्रेत्यांकडून घेतले जाणारे शुल्क वाढवले, की आरंभीची बोली तेवढीच वाढवावी, असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो, कारण लिलावात चढी सुरुवात पाहून पहिले दोन-तीन बोलीदारच फिरकत नाहीत आणि चुरस तिथेच संपते. त्याआधी शुल्क नेमके कशावर आकारले जाते, हे पाहावे. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये अमेरिकेत वस्तू मांडण्याचे शुल्क घटवून विक्रीनंतरचे वाढवले. २०११ पासून ते टपालखर्चावरही लागू झाले, आणि किंमत नाममात्र ठेवून टपालात वसुली करण्याची जुनी युक्ती (जी तशीही फारशी सरळ नव्हती) निकामी झाली. आता तर तिथे विक्रीकरही हिशेबात धरतात. वस्तू ४० डॉलरची, टपाल ८ आणि कर ४ असेल, तर शुल्क ५२ डॉलरवर बसते. दर १३ टक्के मानला तर ते ६.७६ डॉलर, म्हणजे वस्तूच्या किमतीच्या जवळजवळ १७ टक्के होते. त्यामुळे जड आणि स्वस्त वस्तू एकेकटी न विकता, एकाच टपालखर्चात बसतील अशा तीन-चार वस्तूंचा संच करून मांडणे मला अधिक परवडणारे वाटते.