पहिला सीझन: पाणी, सायकल आणि पळापळ (ट्रायथलॉन अनुभव धागा)

गुळपोळी

माळ्यावर आकाशकंदील शोधत होते, हाताला पोहायची टोपी लागली. नारिंगी, सिलिकॉनची. आत अजून पावडर चिकटलेली आणि नाकाशी नेली तर तळ्याचा तोच वास. कंदील राहिला बाजूला, मी तशीच स्टुलावर बसून राहिले.

२०१९ ची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीसची. त्याआधी स्पर्धा म्हणजे कॉलनीतली रांगोळी. फेब्रुवारीत कोल्हापूरकडच्या एका तळ्यात पहिली स्प्रिंट, म्हणजे सगळ्यात छोटी ट्रायथलॉन केली: ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. पोहण्याची धास्ती नव्हती, लहानपणी मामाच्या विहिरीत दिवसदिवस डुंबलेय. पण विहिरीला काठ असतो. टँकच्या तळाला निदान काळी पट्टी असते. तळ्यात शंभरेक मीटर गेल्यावर डोकं खाली घातलं तर नुसता हिरवट काळोख. माझाच हात कोपरापर्यंत दिसायचा, पुढचा नाही. तेवढ्यात कुणाची तरी लाथ गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी भरलं आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखा श्वास अडकला. हात वर केला.

कयाकवाला (छोट्या वल्ह्याच्या होडीतला) मुलगा आला, विशीतला असेल. म्हणाला, "काकू, धरा बिनधास्त. धरलं म्हणून बाद करत नाहीत, फक्त मी तुम्हाला पुढे न्यायचं नाही." हा नियम मला माहीतच नव्हता! कडेचा खरबरीत दोर धरून लोंबकळत होते आणि तो इकडेतिकडे बघत खिशातले शेंगदाणे खात होता. एकेक, साल काढून. साल पाण्यावर तरंगत माझ्या हनुवटीशी यायचं. त्या शेंगदाण्यांनीच माझा श्वास जागेवर आला. शेजारचा माणूस इतका निवांत आहे म्हणजे मी काही मरत नाहीये, असं वाटलं. मग डोकं वर ठेवून बेडकासारखी पोहत गेले. शेवटून तिसरी.

मधे एक ऑलिम्पिक अंतराची झाली (१.५ किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं). पाऊस होता, झाली.

आणि २० ऑक्टोबरला गोवा, भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ (तिन्ही मिळून ७०.३ मैल, अर्धी आयर्नमॅन). मिरामारचं खारं पाणी चक्क उचलून धरतं. १.९ किमी एक तास चार मिनिटांत, कटऑफ, म्हणजे बाद होण्याची वेळ, एक तास दहाची. वाटलं, जिंकलं! पुढे ९० किमी सायकलीत पंक्चर. ट्यूब घरी दहा वेळा बदललेली, पण तिथे घामेजल्या हातातून टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) निसटला तो थेट गटारात. सायकलच्या कटऑफला हुकले. २१ किमी पळायचं राहिलंच. पदक नाही. गोव्याची टोपी कुठे गेली देव जाणे, ही तळ्यातली राहिली.

तुमचा पहिला सीझन लिहा. फसलेला, अर्धवट, सगळं चालेल. मी कंदील लावून येते.

पंचगंगेकाठी

विहिरीला काठ असतोय, लई खरं बोललासा ताई. आमच्या आज्जानं पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललं, तेवढंच आमचं कोचिंग. त्या जोरावर फॉर्म भरला. भोंगा वाजला आन् सगळी माणसं एकदम पाण्यात, म्हशी धुवायला सोडल्यागत. एकजण माझ्या पाठीवरनं गेला. मी त्याचा पाय धरला. शिवी द्यायला वळला तर शेजारच्या गल्लीतलाच निघाला. दोघं पाणी तुडवत "तू हितं कसा रं?" करत बसलो, कयाकवाला शिट्ट्या मारतोय.

सायकल भावाची. गिअरची होती खरी पण गिअर तिसऱ्यावर अडकलेला. मागं कॅरिअर, ते काढायचं राहून गेलं. फोटोत दिसतंय. आईनं तोच फोटो फ्रेम करून लावलाय.

रिकामा डबा

टोपीला पावडर कशाला?

गुळपोळी

आतून चिकटते हो. मग ओढून काढताना फाटते.

रिकामा डबा

अच्छा. मला वाटलं केसांना.

लोहपुरुषाची सौ

मी दुसऱ्या बाजूने लिहू का? लग्नाच्या वाढदिवसाला गोव्याला नेतो म्हणाला नवरा. बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. मी दोन ड्रेस घेतले. तिथे गेल्यावर कळलं की आदल्या दिवशी सायकल जमा करायची, साडेसातला जेवायचं आणि पहाटे साडेतीनला उठायचं. वाढदिवसाच्या सकाळी मी अंधारात हातात हवेचा पंप घेऊन उभी आणि हा जांघेत क्रीम चोळतोय, आजूबाजूला शेकडो पुरुष तेच करतायत. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पण खरं सांगू, तो पाण्यात गेला आणि मला तो दिसेना. सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. चाळीस मिनिटं मी पाण्यात हलणारं प्रत्येक डोकं मोजत होते. बाहेर आला तेव्हा माझ्या शेजारून पळत गेला, ओळखलंसुद्धा नाही. मी ओरडले, "अहो, गॅस बंद केला होता का?" थांबला!! अर्धा सेकंद, पण थांबला.

पुढच्या वेळी मी रिलेत उतरले. तिघांत एक पोहतो, एक सायकल मारतो, एक पळतो. मी पळाले. २१ किमी, भर दुपारी. आता पंप तो धरतो.

हळद्या

गॅस बंद केला होता का 🤣🤣🤣 बसमध्ये हसलो, बाजूचे आजोबा बघतायत

ओपीडीतून

दोन पेशंटच्या मधे लिहितोय. नवीन लोकांची एक चूक हमखास: उन्हात नुसतं पाणी ढोसणं. घामातून मीठ जातं आणि वरून लिटरभर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. मीठ-साखर घ्या, तहानेपुरतं प्या. आणि स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. माझ्या पहिल्या सीझनला फुकट मिळालेल्या एस्प्रेसो चवीच्या एनर्जी जेलने (ताकदीसाठी चोखायचा गोड पाक) मला तीनदा रस्ता सोडायला लावला. शेतमालक सज्जन होता. पुढचा पेशंट आला

नदीपलीकडे

"शेतमालक सज्जन होता" यातच सगळं आलं डॉक्टर.

आल्स्टरकाठची

हॅम्बर्गहून. आमच्याकडे जुलैत शहराच्या मधोमध आल्स्टर तलावात पोहतात. पाणी काळं, आणि एका ठिकाणी पुलाखालून जावं लागतं. तिथे आणखी अंधार आणि सगळ्यांच्या श्वासांचा आवाज घुमतो, फुसफुस फुसफुस. मला आमच्या वाड्यातलं न्हाणीघर आठवलं, बंबाचा आवाज.

पण आधी वेटसूटबद्दल बोलू द्या. रबरी, भाड्याने आणलेला. चढवायला वीस मिनिटं लागली, मग शेजारच्या आजी (सत्तरीच्या असतील, स्वतः स्पर्धक) हळूच म्हणाल्या, चेन पाठीवर येते गं. मी उलटा घातला होता! परत सोलून काढला. दोन बायकांनी मिळून मला पुन्हा त्यात भरलं, कापूस पिशवीत भरतात तशी. त्या धावपळीत पोहण्याची भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

घरी आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "केस पुसलेस का नीट?"

खजिनदार

२०१५ ला मिलिंद सोमणने पन्नाशीला पोचता पोचता झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली. ३.८ किमी पोहणं, १८० सायकल, वर आख्खी मॅरेथॉन, १५ तास १९ मिनिटं. बातमी वाचून मी बायकोला म्हटलं, मीपण त्याच वयाचा. ती म्हणाली, तो मिलिंद सोमण आहे, तुम्ही सोसायटीचे खजिनदार आहात.

तरी केलं. पहिल्या सीझनला तीन स्पर्धा. एकीत पोहण्याच्या कटऑफला बाद. दुसरीत हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल स्टँडवरून उचलली. पंचबाई मागून ओरडत आल्या. आधी पट्टा, मग सायकल, हा नियम ब्रीफिंगमध्ये चारदा सांगितला होता, तेव्हा मी पोह्यांच्या रांगेत होतो. तिसरी पूर्ण झाली. पण तिथे पोचलो तेव्हा आयोजकांनी शेवटची कमान उतरवून टेम्पोत टाकली होती. पदकं संपलेली. एका स्वयंसेवक मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने उरलेली दोन केळी माझ्या हातात दिली आणि टाळ्या वाजवल्या. एकटीने.

गुळपोळी

@खजिनदार, लसूण सोलतेय असं दाखवत मी मुद्दाम सालींवर वाकून हे वाचतेय, घरचे विचारतायत डोळ्यात काय गेलं.

तीन नंबरची पणती

कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पहिली स्पर्धा आणि पाळीची तारीख एकाच दिवशी. सहा महिने सराव, पाचला उठणं, मुलाचा डबा, सगळं करून नेमकं तेव्हा. रद्द करणार होते. क्लबातली एक ताई म्हणाली टॅम्पॉन वापर. आयुष्यात कधी वापरला नव्हता. हॉटेलच्या बाथरूममध्ये पहाटे चारला मी आणि ती, दाराच्या अलीकडे-पलीकडे. ती मला बाहेरून सूचना देतेय, नळदुरुस्तीवाल्याला देतात तशा. स्पर्धेतलं काहीही आठवत नाही, ते दार आठवतं. दार पिवळं होतं.

लोहपुरुषाची सौ

अगं बाई ❤️ अशी ताई सगळ्यांना मिळो.

आल्स्टरकाठची

+१. आणि मेले पुरुष जांघेच्या क्रीमवर पानंच्या पानं लिहितात.

पंचगंगेकाठी

आम्ही काय केलं आता 🙏

हळद्या

मी अजून एकही केली नाही, जानेवारीत पहिली आहे. एक विचारू? सायकलवरून उतरून लगेच पळायचं त्याला ब्रिक म्हणतात ना, काल पहिल्यांदा करून बघितलं. पाय माझे नव्हतेच. गुडघ्याखाली कुणीतरी खरोखर विटा बांधल्यात. वॉचमन विचारतो, साहेब लागलं का. हे जातं का कधी?

ओपीडीतून

जातं. किलोमीटरभरात. सुरुवातीला पावलं छोटी टाका आणि वेगाकडे बघू नका. सायकलीच्या शेवटच्या दोन किमीत हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरवा, उतरल्यावर बरं पडतं.

खजिनदार

माझं सात वर्षांत गेलं नाही. डॉक्टरांचं ऐका तरी.

नदीपलीकडे

सायकल केवढ्याची घ्यावी पहिल्या सीझनला? दुकानदार लाखाच्या खाली बोलत नाहीये.

पंचगंगेकाठी

भावाची घ्या. फुकट असती.

गुळपोळी

@नदीपलीकडे, मी साधी हायब्रिड घेतली होती, त्यावरच गोव्यापर्यंत. आधी दोन स्पर्धा असल्याच सायकलवर करा, मग ठरवा. पैसे घालायचेच तर चांगला गॉगल घ्या आणि पंक्चर काढायला शिका. टायर लिव्हर दोन ठेवा. मी तीन ठेवते.

सुकं बोंबील

मालवणात डिसेंबरात चिवल्याच्या किनाऱ्यार समुद्रातली पोहायची स्पर्धा असता, ज्यांका पाण्याची भीती आसा त्यांनी आधी ती करा. नुसतं पोहणं, सायकल नाय, पळापळ नाय, आणि नंतर जेवाण. माझी सुरुवात तिथूनच. जेलीफिशने गालावर काढलेली रेघ अजून आसा, मुलगी तिका नकाशा म्हणता. गुळपोळी, तळ्यापेक्षा समुद्र सोपो, ह्या तुमचा बरोबर. फक्त मान वर करून बोया (वाट दाखवणारो तरंगतो फुगो) दिसता काय ता बघीत रव्हा, नायतर थेट वेंगुर्ल्याक.

रिकामा डबा

पंचगंगेकाठी, भोपळा बांधायचे म्हणजे खरा भोपळा? फुटत नाही?

पंचगंगेकाठी

वाळलेला, आतनं पोकळ. दुधी असतोय ना, तो वेलावरच वाळू द्यायचा. फुटतो की, काठावर आपटला तर. मग आज्जा दोन दिवस बोलत नव्हता.

खजिनदार

आमच्याकडे नगरला पांगाऱ्याची लाकडं बांधायचे. भोपळा नाही.

गुळपोळी

आमच्या मामाकडे पत्र्याचा डबा! पाच किलोचा डालड्याचा, झाकणाला डांबर लावून. सगळ्या भावंडांत एकच, म्हणून रांग लागायची. माझा नंबर यायचा तोवर दोरी ओली आणि गाठ सुटायची नाही.

रिकामा डबा

बघा. शेवटी डबाच कामाला आला.

हळद्या

आयडी सार्थकी लागला 😄 जानेवारीचं लिहीन इथेच. वॉचमन बघायला येतो म्हणालाय.