बी विंगचा जिना आणि पाडव्याचं गिऱ्हाईक

मंदार (बी-304): नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट विकायला काढलाय हे बहुतेकांना कळलंच असेल. पाडव्याच्या सुमारास तीन-चार जण बघायला येणारेत. बी विंगच्या जिन्याला आणि खालच्या एन्ट्रन्सला माझ्या खर्चाने रंग दिला तर चालेल ना?

शैला काकू (बी-101): चालेल काय, धावेल. लग्न तुझ्या घरी आणि रांगोळी आमच्या दारात!

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): जिना कॉमन आहे. कमिटीला लेखी अर्ज दे. रंग आहे तोच द्यायचा, क्रीम. मागे सी विंगमध्ये एकांनी आपल्या मजल्यापुरता जांभळा मारला, तो अजून तसाच आहे.

निखिल (सी-402): काका, तो लॅव्हेंडर आहे 😀

मंदार (बी-304): काल एजंट येऊन गेला. म्हणाला, घर छान आहे, पण माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्या मनातले दोन लाख कमी झालेले असतात.

अनघा (ए-203): खरं बोलला. आम्ही इथे यायच्या आधी अकरा फ्लॅट पाहिले. आतली मॉड्युलर किचनं सगळीकडे सारखीच. लक्षात राहतं ते मीटरच्या पेट्यांवरचं जाळं, लोंबणाऱ्या केबल, दारासमोरचा चपलांचा ढीग. एका घरात ताज्या रंगाचा वास आणि कपाट भिंतीला जरा जास्तच चिकटलेलं. ह्यांनी सरकवून पाहिलं तर मागे हातभर ओल. चहा न घेताच निघालो.

मंदार (बी-304): आमच्या लँडिंगवरचे पोपडे मात्र दिसतातच. पुट्टी मारली तर?

देशपांडे आजोबा (बी-402): मारू नकोस. आत्ता कोरडं दिसेल, जूनमध्ये सगळं फुगून येईल आणि नवा माणूस पहिल्याच पावसात आमच्या दारात उभा राहील. पाणी गच्चीच्या भेगेतून उतरतंय. आधी ती भेग भरा. पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडा, भिंत वाळू द्या, मग पुट्टी. आणि गेटच्या गंजावर थेट ऑईलपेंट नको. घासून काढा, रेड ऑक्साईडचा हात द्या, मग रंग. चाळीस वर्षं हेच केलंय मी.

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): गच्ची सोसायटीची, ते काम दुरुस्ती निधीतून करू. गेटसुद्धा. मंदारचा ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटीला मिळणारी रक्कम, येईलच.

मंदार (बी-304): म्हणजे 25 हजार धरून ठेवलेत तर 😄

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): महापालिका हद्दीत कमाल मर्यादाच तेवढी आहे. डोनेशन वगैरे आपण मागत नाही.

शैला काकू (बी-101): रंग रंगपंचमीनंतरच काढा हो. गेल्या वर्षी पार्किंगच्या भिंतीवर पोरांनी काय करून ठेवलं होतं आठवतंय ना?

अनघा (ए-203): बरोबर. पंचमी ते पाडवा दहाएक दिवस मिळतात. तोवर भेग भरून होईल, भिंतही वाळेल.

मंदार (बी-304): एजंट मागे लागलाय, 31 मार्चच्या आत रजिस्ट्रेशन करा, 1 एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला घरांचा दर, वाढेल.

देशपांडे आजोबा (बी-402): व्यवहाराची किंमत रेकनरपेक्षा जास्त असेल तर स्टॅम्प ड्युटी किमतीवरच लागते. मग रेकनर थोडा वाढला तरी फरक पडत नाही. त्या घाईपायी ओल्या भिंतीवर रंग चढवू नका म्हणजे झालं.

अनघा (ए-203): आणि घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. बघायला जोडपं आलं तर सांग त्यांना, बायको लगेच तुझ्या बाजूने होईल.

मंदार (बी-304): 🙏 चपलांचे रॅक तेवढे सगळ्यांनी आत घ्याल का? माझाही घेतो.

शैला काकू (बी-101): घेते. पण गेटजवळचा माझा कढीपत्ता कोणी छाटायचा नाही. अख्खी विंग त्यावर फोडणी देते.

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): रविवारी 10 वाजता गच्चीवर या, भेग बघू. मंदार, अर्ज घेऊन ये.

निखिल (सी-402): क्रीम उरला तर आमच्या मजल्यावर मारायचा का?

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): उरवूच.