तीन अंकी नाटक: पहिला अंकच आवरत नाही

धानबांधी
मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, तीन अंकी लिहितो आहे, गाव गडचिरोलीकडच्या वडसा भागातलं. दोन भाऊ, धानाच्या बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, वाटणी. २२ प्रवेश, १४ पात्रं. वाचनाला पहिला अंकच दीड तास खातो अन् दुसऱ्यात सांगायला काही उरत नाही. अंक नेमका कुठं तोडायचा जी?

पडद्यामागचा
भाऊ, पहिल्या अंकात ओळखीच चालल्या असतील. ‘बाबा जाऊन तीन वर्सं झाली, तुले तर माहीतच आहे’ असलं वाक्य दिसलं की खोडा. माहीत आहे तर सांगतो कायले?

थोरल्याला बांधी विकायची आहे, धाकट्याला राखायची, आणि सही दोघांची लागते. हा पेच पहिल्या दहा मिनिटांत कळला पाहिजे. तोही करून दाखवा: धाकटा सातबारा मागतो, थोरला म्हणतो ‘पेटीची किल्ली हरपली’, आणि किल्ली त्याच्या करदोट्याला लोंबताना प्रेक्षकाला दिसते. कुणाला काय हवं आणि कोण लपवतो, दोन्ही उरकलं.

माघार घेता येणार नाही तिथं अंक तोडा. थोरला गुपचूप इसार घेतो, पडदा. दुसऱ्या अंकात प्रत्येक खटपट महाग पडत जाते. तिसऱ्यातला उलगडा पहिल्यात पेरलेल्यातूनच निघावा. ऐनवेळी शहरातून वकील मामा आणू नका. नाट्यशास्त्रातल्या मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, ही हीच चढण.

विंगेतला
जागा किंवा वेळ बदलली की नवा प्रवेश. २२ प्रवेश म्हणजे मध्ये २१ बदल. एकेकाला एकच मिनिट धरलं तरी २१ मिनिटं अंधार, आणि थंडीत बिछायतीवरचा माणूस चहाला उठला की लवकर परतत नाही. घराचा प्रवेश खोल रंगमंचावर लिहा, पुढचा रस्त्याच्या पडद्यासमोर. रस्त्यावर तीन-चार मिनिटं बोलणं चाललं की मागे घर मोडून कचेरी लागते. १२-१३ प्रवेशांत बसेल.

एका कागदावर आडवे प्रवेश, उभी पात्रं मांडून खुणा करा. दोनच खुणा असलेलं पात्र दुसऱ्यात मिसळा. एकच नट दोन भूमिका करणार असेल तर मध्ये अख्खा प्रवेश मोकळा ठेवा. नऊवारी नेसायची असेल तर जास्तच. संहितेत कोण कुठून येतो, हातात काय, हे कंसात लिहा. ‘रागाने’, ‘दुःखाने’ लिहू नका, ते नटाचं काम.

पेटीवाला
गाणी कुणीच धरली नाहीत! आपल्याकडं प्रयोग रात्री दहाच्या पुढं सुरू होऊन पहाटेपर्यंत जातो. वन्स मोअर आला की तुमचा हिशोब गेला. म्हणून निव्वळ संवाद मोजून वेळ लावा, गाणी वेगळी. बोलणं खुंटतं तिथं गाणं. वाद रंगात आला असताना घातलं तर भांडणच विझतं.

विनोदी जोडी म्हणजे जुन्या भाषेतली पताका, मुख्य कथेला धरून चालणारी. ती काढूनही कथा तशीच राहत असेल तर जोड कच्चा आहे.

धानबांधी
म्हणजे करदोट्यातली किल्ली विनोदी गड्याच्या हाती लागली तर?

पेटीवाला
लागू द्या, पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी. आधी लागली तर तिसरा अंक लिहायची गरजच नाही.